‘सेल्मा’: भाषण दिसलं, शिकवणी राहून गेली

(चित्रपट आणि समाज या विषयावरच्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी जाता जाता काही जणांनी सुचवलं होतं की धर्म आणि निवडणूक या विषयावर एकदा बोला. मी तेव्हा हसून टाळलं. कारण आपल्याकडे हे दोन शब्द एकत्र आले की पुढचं वाक्य बहुतेक ‘मतांचं ध्रुवीकरण’ असंच असतं. पण घरी गेल्यावर वाटलं, याची दुसरी बाजू दाखवणारा एक चांगला चित्रपट आहे, त्यावर बोलू. अॅव्हा ड्यूव्हर्ने यांचा ‘सेल्मा’, २०१४ सालचा. आज मी त्याची स्तुतीही करणार आहे आणि तक्रारही. तक्रार थोडी जास्त, आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, तिथलं सेल्मा हे लहानसं गाव, वर्ष १९६५. मतदार म्हणून नाव नोंदवता यावं म्हणून तिथले कृष्णवर्णीय लोक सेल्मापासून राजधानी माँटगोमेरीपर्यंत, म्हणजे साधारण ८७ किलोमीटर चालत जायचं ठरवतात. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर पोलीस त्यांना लाठ्या आणि अश्रुधुराने झोडपून काढतात, आणि ते दृश्य त्या रात्री देशभर टीव्हीवर दिसतं. पुढे ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही होते.

आता चित्रपटातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रसंग. तो पुलावरचा नाही. तो अगदी सुरुवातीला आहे. ओप्रा विन्फ्री यांनी केलेली अॅनी ली कूपर नाव नोंदवायला कचेरीत जाते. अर्ज नीट भरलेला आहे. खिडकीपलीकडचा कारकून म्हणतो, संविधानाची प्रस्तावना म्हणून दाखव. ती म्हणायला लागते. मग विचारतो, राज्यात काउंटी न्यायाधीश किती? ती सांगते, सदुसष्ट. आता तो म्हणतो, त्यांची नावं सांग. संपलं. अर्जावर नकाराचा शिक्का. कुणी ओरडत नाही, कुणी हात उगारत नाही. सरकारी कचेरीत ज्यांनी कधी ‘एक कागद कमी आहे, उद्या या’ हे ऐकलंय त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि हा अपवाद नव्हता बरं का. सेल्मा ज्या डलास काउंटीत आहे तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. यादीत नावं किती? तीनशेच्या आसपास. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवार उघडायची. एवढी आडकाठी असताना माणसं जमणार कुठे? जुलै १९६४ मध्ये तिथल्या न्यायाधीशाने हुकूमच काढला होता की नागरी हक्कांबद्दल बोलायला तीन किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. हॉल भाड्याने मिळत नाही, शाळेत बोलावं तर शिक्षकाची नोकरी जाते. मग उरतं काय? चर्च. २ जानेवारी १९६५ ला मार्टिन ल्यूथर किंग ब्राऊन चॅपलमध्ये उभे राहिले आणि शेकडो लोकांसमोर बोलले, तेव्हा तो हुकूम मोडला गेला. कृष्णवर्णीय समाजाची स्वतःच्या मालकीची, गोऱ्या मालकाच्या मर्जीवर न चालणारी जवळजवळ एकच इमारत गावात होती, ती म्हणजे त्यांची प्रार्थनेची जागा. श्रद्धा आणि मतदान यांचं नातं तिथे आधी या भिंतींमुळे जुळलं, तत्त्वज्ञान मागाहून आलं.

चित्रपटाला हे कळलेलं आहे, पण अर्धंच. त्यातली चर्चमधली दृश्यं आठवून बघा. बहुतेक वेळा किंग वर उभे आहेत, समोर माणसं आहेत, आणि भाषण चाललंय. डेव्हिड ओयेलोवो ही भाषणं फार ताकदीने करतात. गंमत म्हणजे त्यातले शब्द किंग यांचे नाहीतच. भाषणांचे हक्क दुसऱ्या निर्मात्यांकडे होते, म्हणून ड्यूव्हर्ने यांनी त्याच सुरात नवी लिहिली. हे काम इतकं चोख झालंय की पुष्कळांच्या लक्षातही आलं नाही. पण परिणाम काय होतो? चर्च म्हणजे व्यासपीठ आणि श्रद्धा म्हणजे वक्तृत्व, असं पाहणाऱ्याच्या मनात बसतं.

प्रत्यक्षात त्या आधीची दोन वर्षं काय चाललं होतं? मेरी फॉस्टर नावाच्या बाई होत्या, दातांच्या दवाखान्यात काम करायच्या. स्वतःचं नाव यादीत यायला त्यांना आठ वेळा खेपा घालाव्या लागल्या. मग त्यांनी इतरांसाठी शिकवणी सुरू केली, अर्ज कसा भरायचा, प्रश्नांना उत्तरं कशी द्यायची. पहिल्या रात्री किती माणसं आली? एक. सत्तरीतला एक म्हातारा. बाईंनी त्याला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. असेच वर्ग दक्षिणेत ठिकठिकाणी चालत. त्यांच्या शिक्षकांना तयार करायचं मोठं केंद्र जॉर्जियात होतं, सेप्टिमा क्लार्क तिथे शिकवायच्या, आणि ती जागा चर्चचीच होती. अँड्र्यू यंग हे पाद्री त्या कामासाठीच दक्षिणेत परतले होते. चित्रपटात यंग आहेत, पण ते किंग यांच्या बाजूला उभे असलेले सहकारी म्हणून. ते वर्ग नाहीत.

तुम्ही म्हणाल, दोन तासांच्या चित्रपटात काय काय बसवणार? मान्य. पण मग दुसरी गोष्ट घ्या, तिला वेळही लागला नसता. चर्च घाबरलेलंही होतं. १९६३ च्या मे महिन्यात सेल्मातली मतदान हक्कांची पहिली मोठी सभा टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाली. तिथल्या कारभारी मंडळींचा विरोध होता. इमारत जाळली तर? पोलीस आले तर? पाद्री अँडरसन अडून बसले, म्हणून सभा झाली. ही भीती मला त्या भाषणांपेक्षा जास्त खरी वाटते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच बर्मिंगहॅमच्या चर्चमधला बॉम्बस्फोट येतो. चार मुली जिना उतरताहेत, केसांबद्दल बोलताहेत, आणि पडदा फुटतो. इतकं दाखवल्यावर पुढे ज्या चर्चने दार उघडलं त्याने कोणता धोका पत्करला, हेही दाखवायला हवं होतं.

आणि सगळ्यांनी दार उघडलं नाही, हेही. पुलावरच्या मारहाणीनंतर किंग यांनी देशभरातल्या धर्मगुरूंना तारा केल्या आणि शेकडो आले. पाद्री, नन, रब्बाय. जेम्स रीब हे बॉस्टनहून आलेले पाद्री, ९ मार्चच्या रात्री त्यांना मारहाण झाली आणि दोन दिवसांनी ते गेले. ग्रीक ऑर्थोडॉक्स आर्चबिशप याकोव्होस आले. रब्बाय हेशेल शेवटच्या मोर्चात चालले आणि नंतर म्हणाले की आपले पायच प्रार्थना करत होते असं वाटलं. वारी चालणाऱ्याला हे उलगडून सांगायला नको. हे सगळं खरंच. पण त्याच मार्च महिन्यात सेल्मातल्या गोऱ्यांच्या सेंट पॉल चर्चने काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र गटाला दारातूनच परत पाठवलं होतं. त्या भागाच्या कॅथलिक आर्चबिशपना आपल्या पाद्रींनी मोर्चात जाणं पसंत नव्हतं. आणि सेल्मात राहून काम करणारा जॉनाथन डॅनियल्स हा एपिस्कोपल सेमिनारीचा विद्यार्थी ऑगस्टमध्ये गोळीला बळी पडला, एका मुलीला बाजूला ढकलताना. कायद्यावर सही होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. मारणारा पूर्ण गोऱ्या ज्युरीकडून निर्दोष सुटला. तेव्हा ‘श्रद्धाळू समाजाने मतदानाचा हक्क वाचवला’ असं सरसकट वाक्य कुणी टाकलं तर विचारायचं, कुठला समाज, आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूचा?

हा चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत वाद मात्र भलताच झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना फार आडमुठे दाखवलंय म्हणून. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. आक्षेपात तथ्य आहे, जॉन्सन यांना कायदा हवा होता. पण त्या वादाने प्रश्न पुन्हा दोन मोठ्या माणसांवर आणून ठेवला. श्रेय कोणाचं, व्हाइट हाउसचं की किंग यांचं? फॉस्टरबाईंच्या त्या म्हाताऱ्याचं नाव या भांडणात कुठेच आलं नाही.

एक प्रसंग मला अजून छळतो. ९ मार्चला किंग दुसऱ्यांदा पुलावर जातात, पोलीस बाजूला होतात, रस्ता मोकळा. किंग गुडघे टेकतात, प्रार्थना करतात आणि मागे वळतात. चित्रपटात हे जवळजवळ अंतःप्रेरणेसारखं येतं. सुंदर आहे. पण त्यामागे न्यायालयाचा मनाई हुकूम होता, पडद्याआड बोलणी झाली होती, आणि तरुण कार्यकर्ते संतापले होते. मला वाटतं प्रार्थना आणि वाटाघाट एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी चालू असतात हे दाखवलं असतं तर किंग लहान झाले नसते, उलट आपल्याला जवळचे वाटले असते.

मध्यंतरात एक चिठ्ठी आली आहे, वाचतो: ‘हे सगळं ठीक, पण धर्मसंस्था निवडणुकीत उतरणं आपल्या कायद्याला मान्य नाही, मग कौतुक कशाला?’ चांगला प्रश्न. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) आहे, धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्टाचार. मुंबईच्या सांताक्रूझमधल्या १९९० च्या निवडणुकीपासून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ ला त्याचा अर्थ आणखी रुंद केला, तोही चार विरुद्ध तीन मतांनी. अमेरिकेतही करमाफी घेणाऱ्या चर्चने उमेदवाराचा प्रचार करू नये असा नियम १९५४ पासून आहे. ‘अमक्याला मत द्या’ आणि ‘प्रत्येकाला मत देता आलं पाहिजे’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत, सेल्मा दुसऱ्या वाक्याचं. पण रेघ बारीक आहे, हेही कबूल करू. किंग यांच्याच अटलांटातल्या चर्चचे पाद्री राफेल वॉर्नॉक आज सिनेटर आहेत. म्हणून माझी कसोटी साधी आहे: ही मंडळी, आपल्याला मत न देणाऱ्याचंही नाव यादीत यावं म्हणून खेपा घालतील का?

शेवटचं. चित्रपट विजयाच्या सभेवर संपतो, आणि पात्रांचं पुढे काय झालं याच्या ओळी पडद्यावर येतात. पण तो पडद्यावर आला त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटीच्या खटल्यात त्या कायद्याचा कणा काढून घेतला होता. नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी कोणत्या राज्यांनी घ्यायची हे ठरवणारं कलमच रद्द झालं. शेल्बी काउंटी कुठे आहे? अलाबामातच. २०१४ पासून तिथे मतदानाला फोटो ओळखपत्र लागू झालं, आणि २०१५ मध्ये राज्याने वाहन परवान्याच्या ३१ कचेऱ्या बंद केल्या, म्हणजे ओळखपत्र मिळायची जागाच. त्या विरोधात कोर्टात कोण गेलं? ग्रेटर बर्मिंगहॅम मिनिस्ट्रीज, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांची संस्था. २०२० मध्ये अपील कोर्टात हरली. मतदारसंघांच्या नकाशाच्या दुसऱ्या खटल्यात तीच संस्था वादी होती, तो २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चारने जिंकला.

हे काम पडद्यावर दिसायला कंटाळवाणं आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तारखा. पण अॅनी ली कूपर ज्या खिडकीपुढे उभी होती, ती खिडकी अशाच कामाने उघडते. आपल्याला १९५० पासून प्रौढ मतदान मिळालं, शिक्षणाची अट न घालता. बाबासाहेब त्यासाठी १९२८ साली सायमन आयोगापुढे भांडले होते. सेल्मातल्या लोकांना जे कमवायला इतकं चालावं लागलं ते आपल्याला कायद्याने दिलं. तेव्हा ‘सेल्मा’ जरूर बघा, आणि बघून झाल्यावर मतदार यादीत आपलं नाव आहे का तेही बघा. जमलं तर शेजारच्या आजींचंही.