पितळेतला बर्लिओज

एक्तोर बर्लिओजचे ‘रोमन कार्निव्हल’ हे ओव्हर्चर पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजले ते फेब्रुवारी 1844 मध्ये. त्याच वर्षी त्याच शहरात डिस्टिन या इंग्रज वादक कुटुंबाने वाद्यनिर्माता अडॉल्फ साक्सची सॅक्सहॉर्न ही नवी पितळी वाद्ये हाती घेतली आणि पुढे ब्रिटनभर वाजवून लोकप्रिय केली. बर्लिओजची आणि साक्सची चांगली ओळख होती. साक्सच्या वाद्यांची त्याने वर्तमानपत्रातून भलावण केली आणि ‘ले त्रोयां’ या ऑपेरात सॅक्सहॉर्न वापरलीही. ब्रिटिश ब्रास बँड आज उभा आहे तो मुख्यतः सॅक्सहॉर्नच्याच घराण्यातल्या वाद्यांवर. अभिजात संगीताच्या ब्रास बँडसाठी झालेल्या रूपांतरांत बर्लिओज सगळ्यांत सरस उतरला, याचे कारण मात्र या शेजारात नाही. ते त्याच्या लेखनातच आहे.

या बँडांचे पहिले पोषण रूपांतरांवरच झाले. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात 1853 मध्ये स्पर्धा सुरू झाल्या. गिरण्यांचे, खाणींचे, गावांचे बँड तिथे उतरत. अलेक्झांडर ओवेन, जॉन ग्लॅडनी आणि एडविन स्विफ्ट हे त्या काळचे दिग्गज बँडमास्तर स्वतःच मांडणी करत. रोसिनी, व्हेर्दी, वाग्नर यांच्या ऑपेरांतले निवडक भाग जोडून ते एक सलग तुकडा तयार करत. यॉर्कशरमधल्या कितीतरी कामगारांनी व्हेर्दी ऐकला तो अशा बँडकडूनच. ऑपेरागृहाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. या तुकड्यांत जोडकामाचे सांधे दिसतात हे खरे. पण त्यांची सामाजिक कामगिरी मोठी होती, त्यामुळे त्यांच्याकडे नाक मुरडून पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पुढे बँडसाठी मूळ रचनाही होऊ लागल्या. 1913 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचरची ‘लेबर अँड लव्ह’ ही खास बँडसाठी लिहिलेली रचना आली. नंतर होल्स्टचा ‘मूरसाइड सुइट’ (1928) आणि एल्गारचा ‘सेव्हर्न सुइट’ (1930) आले. गंमत अशी की एल्गारने आपला सुइट नंतर ऑर्केस्ट्रासाठी मांडला, होल्स्टनेही आपला तंतुवाद्यांसाठी. म्हणजे वाहतूक दोन्ही दिशांनी होती.

आता रूपांतराच्या मूळ अडचणीकडे वळू. स्पर्धेच्या बँडमध्ये पंचवीस-अठ्ठावीस वादक असतात. एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ-दहा कॉर्नेट, एक फ्लुगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, चार बास. आपल्या वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट खुशाल चालते. इथे त्याला प्रवेश नाही. खुद्द साक्सच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या सॅक्सोफोनलाही नाही! ट्रॉम्बोन सोडली तर बहुतेक वाद्यांची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून सगळ्यांचा आवाज एकमेकांत सहज मिसळतो. रूपांतर करणाऱ्याची खरी कसोटी याच मिसळण्यात आहे. ऑर्केस्ट्रात ओबोनंतर व्हायोला आला की ऐकणाऱ्याला आपोआप फरक कळतो. बँडमध्ये तो फरक हाताने घडवावा लागतो: कुठे म्यूट लावून, कुठे एकट्या वाद्याला पुढे काढून, कुठे चक्क शांतता ठेवून.

शिवाय दमसासाचा प्रश्न आहेच. व्हायोलिनचा गज उलटा फिरवला की सूर पुढे चालू राहतो, कॉर्नेटवाल्याला मात्र श्वास घ्यावाच लागतो. मग लांब ओळ दोघा-तिघांत वाटून द्यायची आणि त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी श्वास घ्यायचा. गजाच्या कंपनाच्या जागी जिभेचे दुहेरी-तिहेरी आघात येतात. पट्टीही बदलते. व्हायोलिनच्या मोकळ्या तारांना सोयीच्या शार्पच्या पट्ट्या पितळी वाद्यांना अवघड जातात, म्हणून बहुतेक वेळा रचना अर्धा सूर सरकवून फ्लॅटच्या पट्टीत आणली जाते.

बर्लिओज इथे का टिकतो? कारण त्याच्या संगीतात रंग आणि लय चालीइतकेच महत्त्वाचे असतात आणि त्याचे वाक्य बहुधा ठसठशीत असते. ‘रोमन कार्निव्हल’मधली इंग्लिश हॉर्नची प्रेमधून पाहा. ‘बेनव्हेनुतो चेल्लिनी’ या ऑपेरातल्या युगुलगीतावरून ती आली आहे. फ्लुगलहॉर्नच्या धूसर, गोल आवाजाला ती मूळचीच असावी तशी बसते. नंतर व्हायोला ती उचलतात, तिथे बॅरिटोन आणि युफोनियम हजर असतात. उलट मोझार्टची पारदर्शक वीण बँडमध्ये जाड होते. कितीही कुशल हाताने मांडली तरी होते, असे माझे मत आहे.

बर्लिओजच्या रूपांतराचे काम सर्वांत चांगले केले फ्रँक राइटने. हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला कॉर्नेटवादक इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. ‘रोमन कार्निव्हल’, ‘ले फ्रां-ज्यूज’ आणि त्याच्या जोडीला व्हेर्दीचे ‘फोर्स ऑफ डेस्टिनी’, लालोचे ‘ल रुआ दीस’ ही त्याची रूपांतरे स्पर्धांतून गाजली. स्पर्धेच्या मंचावर 1960 चे दशक संपत येईपर्यंत तालवाद्यांना मज्जाव होता. डफ आणि झांजांशिवाय कार्निव्हल उभा करायचा म्हणजे सगळा ताल कॉर्नेटच्या जिभेवर आणि बासच्या फुंकीवर आला. राइटला ही वाद्ये आतून माहीत होती, म्हणूनच त्याच्या पानांवर भरतीचे सूर दिसत नाहीत.

आजचे चित्र वेगळे आहे. मोठ्या स्पर्धांवर नव्या, अतिकठीण मूळ रचनांचे राज्य आहे आणि रूपांतर मैफलीत दोन मोठ्या तुकड्यांच्या मधली जागा भरते. फिलिप विल्बीने तिसरी वाट काढली. त्याचे ‘मास्करेड’ (1993) व्हेर्दीच्या ‘फॉलस्टाफ’वर आणि ‘व्हिएन्ना नाइट्स’ (2006) मोझार्टच्या पियानो सोनाटावर बेतले आहे. दोन्हींत मूळ संगीतकार ओळखू येतो, पण लेखन विल्बीचेच आहे. मोझार्टला बँडमध्ये आणायचे तर हाच रस्ता, हे ‘व्हिएन्ना नाइट्स’ने दाखवले.

निव्वळ रूपांतराची मात्र परवड चालली आहे. संगणकावर मूळ ओळी उचलायच्या, जवळच्या वाद्याला चिकटवायच्या, उंच सूर सोप्रानोवर ढकलायचे, असले काम कानाला लगेच कळते: सगळे वादक सगळा वेळ वाजवत राहतात आणि रंग एकच उरतो. राइटची पाने अजून वाजवण्याजोगी आहेत. स्पर्धा भरवणाऱ्यांनी चार-पाच वर्षांतून एकदा तरी त्यांतले एक अनिवार्य रचना म्हणून द्यावे. अवघड मूळ रचनांत बोटांचा वेग तपासला जातोच. ऑर्केस्ट्राचे रंग पितळेतून काढता येतात की नाही, हे तपासायला ‘रोमन कार्निव्हल’पेक्षा चांगली परीक्षा नाही.