पडद्यामागचे फासे आणि शाहिराचे बाड

संहितेवर सत्ता कोणाची, या प्रश्नाचा विचार मराठी समीक्षेने बहुधा लेखक, संहिता आणि वाचक या त्रिकोणातच केला आहे. ज्या कथनाची घटिते प्रयोगाच्या क्षणीच ठरतात आणि ज्याचे श्रोतेच त्याचे कर्तेही असतात, अशा कथनाकडे ती क्वचितच वळली. टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ हा असाच एक प्रकार होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून त्याची घडण ढोबळमानाने तीच राहिली आहे. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची बाजू घेतो आणि उरलेले सगळे जग 'गेम मास्टर' बोलतो. पात्र काय करू पाहते, हे खेळाडू सांगतो. ते साधले की फसले, याचा निर्णय नियम व फासे यांच्या आधारे गेम मास्टर देतो. पुष्कळदा त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा पडदा उभा असतो. त्यामागे नकाशा, टिपणे आणि त्याचे स्वतःचे फासे.

या व्यक्तीला मराठीत 'सूत्रधार' म्हणण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. संस्कृत नाटकाच्या सूत्रधाराला नाटकाचा शेवट ठाऊक असतो. गेम मास्टरला तो ठाऊक असेल, तर खेळाडूंच्या निवडीला अर्थ उरत नाही.

वादाचे मूळ या खेळाहून जुने आहे. धाकट्या राइसवित्झने 1824 मध्ये प्रशियन सैन्यासाठी युद्धखेळाचे सविस्तर नियम सिद्ध केले आणि पंचाच्या हाती फासे दिले. 1876 मध्ये फेर्दी द्यू व्हेर्नुआ याने नियमांचे हे जंजाळ दूर सारून अनुभवी अधिकाऱ्याचा निवाडाच प्रमाण मानला. तेथे पंच वरिष्ठ अधिकारी असल्याने त्याच्या अधिकाराला लष्करी शिस्तीचे पाठबळ होते. मित्रांच्या बैठकीत ते कोठून येणार? गायगॅक्सने 1979 च्या मार्गदर्शिकेत एक उत्तर दिले. हा ग्रंथ खेळाडूंनी वाचू नये, असे त्याने बजावले आणि प्रसंगी फाशाचे दान बाजूला ठेवण्याची मुभा गेम मास्टरला दिली. म्हणजे नियम छापलेले, आणि तरीही झाकलेले.

येथे एक भेद करावयास हवा. दाराआड काय आहे हे खेळाडूला न सांगणे ही गुप्त माहिती. दार कोणत्या दानाने उघडेल, किंवा पडलेले दान मानले जाईल की नाही, हेच न सांगणे हा गुप्त नियम. पहिल्यावाचून कुतूहल संभवत नाही. दुसऱ्याने मात्र खेळाडूचे कर्तेपण नकळत काढून घेतले जाते. डावीकडचा रस्ता घ्या की उजवीकडचा, राक्षसाची गढी समोर येतेच; कारण गेम मास्टर ती उचलून पुढे ठेवतो. योहान हायझिंगा याने 'होमो लुडेन्स'मध्ये (1938) लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत फरक केला आहे. लबाड खेळाडू निदान खेळाचे वर्तुळ मानल्याचे सोंग आणतो. पडद्यामागे दान बदलणारा गेम मास्टर या दोहोंत बसत नाही. तो खेळ वाचवण्यासाठी लबाडी करतो, आणि म्हणूनच त्याची लबाडी सहसा सद्भावनेच्या नावाखाली खपून जाते.

कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. भेदिकात कूट घालणाऱ्या शाहिराजवळच त्याचा उलगडा असतो. प्रतिपक्षाला तो शोधावयाचा असतो. जवाब येताच उलगडा फिरवण्याचा मोह शाहिराला होऊ शकेल. त्याला अडवते ते बाड. गुरुपरंपरेने आलेला, आधीच लिहून ठेवलेला उलगडा त्याला स्वतःलाही बांधतो. शिवाय तत्त्वांची व गुणांची संख्या, शिव-शक्तीचे नाते हा संकेतव्यूह दोन्ही फडांचा समाईक असतो. उत्तर झाकलेले, पण उत्तर ठरवण्याची रीत उघडी. खेळापूर्वी नकाशा काढून त्याला बांधून घेणारा गेम मास्टर या शाहिराचाच सगोत्र म्हणावा लागेल.

वगाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पुष्कळ वगांची कथा ठरलेली असे, संवाद मात्र रंगमंचावरच घडत. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये (1965) दादा कोंडके यांनी ऐन वेळच्या कोट्यांनी जी भर घातली, तिने छापील संहिता आणि प्रयोग यांतील अंतर शहरी प्रेक्षकांच्याही ध्यानात आणून दिले. ग्रामीण फडाला ते नवे नव्हते. मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या शिरपूरसारख्या गावी, जेथे अहिराणी आणि पावरी बोलणारे लोक एकाच यात्रेत मिसळतात, तेथे सोंगाड्याला बोली, विषय आणि टोमणा जागच्या जागी निवडावा लागतो. त्याची सत्ता मोठी, पण मोकाट नाही. गणानंतर गौळण येते, मावशी फटकळच असते, राजाला प्रधानादेखत टोचता येते, हे कोणत्याही नियमग्रंथात न वाचलेल्या प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. सोंगाड्याने संकेत वाकवला की शिट्टी येते. मोडला की प्रेक्षक उठू लागतो.

लिखित म्हणजे उघड आणि अलिखित म्हणजे गूढ, हे समीकरण येथे कोसळते. 1979 ची मार्गदर्शिका लिखित होती, पण तिची सत्ता अपारदर्शक होती. वगाचे संकेत अलिखित होते, पण शेवटच्या रांगेपर्यंत ज्ञात होते. अर्थात तमाशाचे हे चित्र आदर्श मानण्याचे कारण नाही. नाचणाऱ्या स्त्रीवर प्रेक्षकांची जी सत्ता चाले, तीही त्याच संकेतांनी मान्य केलेली होती.

व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने (2010) निराळी वाट काढली. तेथे गेम मास्टर फासेच टाकत नाही. त्याने काय साधावे आणि कोणत्या तत्त्वांनी बोलावे, हेही नियम म्हणून छापले आहे. दान लपवण्याचा प्रश्न त्यामुळे मिटतो. पुढचे संकट कोणते आणि केव्हा यावे, ही निवड मात्र त्याच्याकडेच राहते, आणि ती तत्त्वानुसार झाली की लहरीनुसार, हे तपासण्याचे साधन खेळाडूंच्या हाती त्यांच्या कानांपलीकडे फारसे नाही. यात्रेतल्या प्रेक्षकाजवळही तेच होते. फक्त तो शेकड्यांनी होता, आणि फडमालकाला दुसऱ्या रात्रीही तिकिटे विकावयाची होती.