कार्डावरचा ‘मी’ कोण?

सॉफ्टवेअर कसं बनवावं यावरची पुस्तकं सहसा साहित्याच्या पानांवर येत नाहीत. जेफ पॅटन यांचं ‘यूझर स्टोरी मॅपिंग’ (ओरायली, २०१४) मी इथे आणतोय, कारण हे पुस्तक उघडपणे गोष्टीबद्दल आहे. गोष्ट कोणी सांगायची, कुठून सुरू करायची, कुठे थांबवायची, वेळ कमी असेल तर काय गाळायचं, हे त्याचे प्रश्न आहेत. कथा लिहिणाऱ्यालाही हेच प्रश्न पडतात. पण फसलेली कथा मासिकाच्या अंकात पडून राहते. इथे फसलेली गोष्ट ॲप बनून आपल्या फोनमध्ये येते आणि आपल्याला तिच्याप्रमाणे वागायला लावते.

मी वाशीम जिल्ह्यातला. सोयाबीन-तुरीचा कोरडवाहू पट्टा. माझ्या वयाची आमच्याकडची बरीच पोरं पुण्याला आयटीत आहेत, आणि गावात राहिलेल्यांच्या फोनमध्ये शेतीची सरकारी ॲप्स आहेत. एका टोकाला कार्डं लिहिणारे, दुसऱ्या टोकाला त्या कार्डांतून निघालेली बटणं दाबणारे. पॅटन यांचं पुस्तक मी ही दोन्ही टोकं डोळ्यासमोर ठेवून वाचलं. म्हणून त्याचं कौतुकही आहे आणि तक्रारही.

पोत्यात भरलेली पानं

आयटीत नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी सॉफ्टवेअर बनवायचं म्हणजे आधी जाडजूड दस्तऐवज लिहायचा, त्यावर सह्या घ्यायच्या आणि मग त्याबरहुकूम काम करायचं. काम होईपर्यंत गरज बदललेली असायची. याला कंटाळलेले १७ जण फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे जमले आणि त्यांनी ‘अजाइल’चा जाहीरनामा लिहिला. थोडं बनवा, दाखवा, शिका, पुन्हा बनवा, असा त्याचा साधा अर्थ.

‘स्टोरी’ हा शब्द त्याआधीच आला होता. केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या पद्धतीत सुचवलं, की गरज लांबलचक लिहू नका. छोट्या कार्डावर दोन ओळी लिहा आणि समोरासमोर बोला. रॉन जेफ्रीज यांनी पुढे त्याचे तीन भाग सांगितले: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. झालं असं, की संभाषण गळून पडलं आणि कार्ड तेवढं उरलं. आज बहुतेक कंपन्यांत शेकडो कार्डांची एक लांब यादी असते, तिला बॅकलॉग म्हणतात. प्रत्येक कार्डावर ठरलेलं वाक्य: ‘अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे मला ढमुक करता येईल.’

पॅटन यांचा राग या यादीवर आहे. त्यांनी एक छान उपमा वापरली आहे: झाडाची सगळी पानं तोडायची, पोत्यात भरायची आणि झाड तोडून टाकायचं. पोत्यात पानं सगळी असतात, पण झाड कसं होतं ते कळत नाही. यादीतलं ३७वं कार्ड कोणाच्या आयुष्यात, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर येतं, हे यादी सांगत नाही.

उशिरा उठलात तर?

त्यांचा उपाय इतका सोपा आहे, की तो आपल्याला आधी का सुचला नाही असं वाटतं. सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत तुम्ही काय काय करता, ते एकेका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे, घडतात त्या क्रमाने लावा. एकमेकांशी जोडलेल्या चिठ्ठ्यांवर मोठी नावं द्या: आवरणं, खाणं, निघणं. ही वरची ओळ म्हणजे गोष्टीचा कणा. मग प्रत्येक नावाखाली बारीक कामं लटकवा, जास्त गरजेची वर, कमी गरजेची खाली. आता समजा तुम्ही उशिरा उठलात आणि हातात काही मिनिटंच आहेत. कोणत्या चिठ्ठ्या ठेवाल? तेवढ्यांखाली एक आडवी रेघ मारा. झाली तुमची पहिली आवृत्ती.

या रेघेत पुस्तकाचा जीव आहे. यादीतून निवड करताना आपण सुटे तुकडे निवडतो. नकाशावर आडवी रेघ मारताना मात्र प्रत्येक टप्प्यातलं थोडं थोडं घ्यावं लागतं, म्हणून पहिली आवृत्ती कितीही लहान असली तरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालते. दात घासले, कपडे केले, पण दाराची कुलूपकिल्लीच नाही, असं होत नाही.

पुस्तक गॅरी लेव्हिट या संगीतकाराच्या उदाहरणाने सुरू होतं. त्याला संगीतक्षेत्रातल्या लोकांसाठी एक मोठं सॉफ्टवेअर करायचं होतं. पॅटन त्याला कार्डं जमिनीवर मांडायला लावतात, आणि मांडता मांडता त्यालाच दिसतं की यातलं कितीतरी आत्ता नकोय. पॅटन यांची दुसरी उपमाही मला आवडली. ते म्हणतात, की लिहिलेला दस्तऐवज हा सहलीच्या फोटोसारखा असतो. जो सहलीला होता त्याला फोटो पाहून सगळं आठवतं. जो नव्हता त्याला फक्त फोटो दिसतो. सातबारा हातात घेतलेल्या कुठल्याही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या एका कागदात त्याला वाटण्या, भांडणं, धुऱ्याचे वाद, विहीर खणलेलं वर्ष, सगळं दिसतं. कचेरीतल्या माणसाला गट क्रमांक दिसतो.

सोयाबीनचं वर्ष

हाच खेळ मी एका खऱ्या ॲपवर खेळून पाहिला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आधी गावातली पिकं पाहून सातबाऱ्यावर नोंदवण्याचं काम तलाठ्याचं होतं. आता शेतकऱ्याने स्वतः फोनवरून नोंद करायची. कल्पना चांगली आहे: आपल्या वावरात काय आहे हे आपणच सांगायचं. हे ॲप करणाऱ्यांनी आखणी कशी केली, त्याच्याशी माझं देणंघेणं नाही. पॅटन यांची पद्धत अशा ॲपला लावली तर काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच मला बघायचं होतं.

वरवर पाहता नकाशा सरळ आहे. नाव नोंदवणं, गट क्रमांक निवडणं, पीक आणि क्षेत्र भरणं, वावरात उभं राहून फोटो काढणं, अपलोड करणं. पाच मोठी कार्डं, डावीकडून उजवीकडे. कार्डावरचं वाक्यही तयार: ‘शेतकरी म्हणून मला माझं पीक नोंदवायचं आहे.’

आता या वाक्यातला ‘मी’ शोधायला लागा. सातबाऱ्यावर नाव आहे ते वडिलांचं किंवा आजोबांचं. फोन आहे तो मुलाचा, पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा. वावर बटईने किंवा मक्त्याने दिलेलं असेल तर पेरणारा तिसराच. आणि निंदण-सोंगणीला ज्यांचे हात लागतात त्या बायकांचं नाव बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नसतं. ‘शेतकरी’ हा एक शब्द चार माणसांवर पांघरलेला आहे. त्यांच्या इच्छाही एक नाहीत. मक्त्याने करणाऱ्याला वाटतं, पेरलं मी, तर नुकसानीचे पैसे मला मिळावेत. मालकाच्या मनात कूळ लागण्याची जुनी भीती असते. दुसऱ्याचं नाव कुठे येऊच नये असं त्याला वाटतं. म्हणजे गोष्टीतल्या एका पात्राला नोंद हवी आहे आणि दुसऱ्याला ती नको आहे. ‘मला अमुक हवं’ या साच्यात ‘मला हे नको’ म्हणणाऱ्याला जागाच नाही.

एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय ई-पीक पाहणीत आहे. मला ही सोय फार बोलकी वाटते. फोन धरणारा आणि शेती ज्याच्या नावावर आहे तो, ही वेगवेगळी माणसं असतात हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. चांगली गोष्ट अशीच सुधारते.

दुसरा प्रश्न शेवटाचा. पाच कार्डांच्या नकाशात शेवटचं कार्ड ‘अपलोड’. पण सोयाबीनचं वर्ष तिथे संपत नाही. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, सोंगणी, मळणी, मग बाजार समिती. खरिपाची नोंद पीक उभं असताना होते, आणि सोंगणीच्या वेळी आलेला पाऊस शेंगांना वावरातच कोंब आणू शकतो. नोंद कशासाठी करायची? पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी यांसाठी. घरी आम्हाला ‘नोंद यशस्वी झाली’ या संदेशाचं अप्रूप नसतं. विचारलं जातं ते एवढंच: ‘पैसे कई भेटतीन?’ शेतकऱ्याच्या गोष्टीचा शेवट बँकेच्या खात्यात आहे, म्हणजे ॲपच्या शेवटच्या कार्डाच्या कितीतरी महिने पुढे.

इथे पॅटन यांना श्रेय द्यायला हवं. काय बनवलं आणि त्यातून कोणाचं काय बदललं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते पुन्हा पुन्हा सांगतात. नकाशा उजवीकडे आणखी लांबवा, असं त्यांची पद्धतच सुचवते. ती तेवढी लांबवायची ताकद मात्र भिंतीसमोर उभ्या असलेल्यांकडे नसते. कंत्राट ‘अपलोड’पर्यंतचंच असतं.

ज्याला निघून जाता येत नाही

माझी खरी तक्रार यापुढे सुरू होते, आणि त्यासाठी मला वाशीमचंच एक जुनं नातं आठवतं. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यात एक कथा आहे. काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला अडवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग निघते. पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत, दक्षिणेत, प्रत्येक प्रदेशात तिचा वेश, नृत्य आणि बोलण्याची रीत बदलत जाते. पूर्वेत तो वश होत नाही. पुढे थोडा थोडा होतो. वैदर्भी रीतीपाशी पुरता होतो आणि विदर्भातल्या वत्सगुल्मात त्यांचं लग्न लागतं.

गोष्ट आणि नकाशा यांची इतकी जुनी सांगड आमच्याच गावाशी येऊन संपते, याची मला गंमत वाटते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कथा कशामुळे पुढे सरकते. ऐकणारा निघून चालला आहे. तो वश झाला नाही हे सांगणारीला लगेच दिसतं, म्हणून ती रीत बदलते.

पॅटन यांच्या पुस्तकातली उदाहरणं मुख्यतः याच जगातली आहेत. ग्राहकाला आवडलं नाही तर तो उठून दुसरीकडे जातो, कंपनीला आकड्यांत ते दिसतं, भिंतीवरची कार्डं हलतात. चुकलेली गोष्ट स्वतःच आपली चूक कळवते. सक्तीच्या ॲपचं तसं नाही. वाशीमच्या शेतकऱ्याला ‘मी दुसऱ्या राज्याचं ॲप वापरतो’ म्हणता येत नाही. गोष्ट त्याला जुळली नाही तरी तो निघून जात नाही. तो स्वतः गोष्टीला जुळवून घेतो. पुतण्याला हाताशी धरतो, सेवा केंद्रावर पैसे देऊन काम करून घेतो, नेटवर्क मिळेल तिथवर चालत जातो. आणि पडद्यावर काय दिसतं? नोंद यशस्वी. त्याने सोसलेला सगळा खटाटोप यशाच्या आकड्यात जमा होतो. ज्याला निघून जाता येत नाही, त्याची गोष्ट चुकली तरी नकाशाला पत्ता लागत नाही.

पुस्तकाची मोठी उणीव मला हीच वाटते. माणसं एका खोलीत बसून बोलली की समजूत एक होते, हा त्याचा पाया आहे. खोलीत कोण नाही, यावर मात्र पुस्तक पुरेसं थांबत नाही. कार्डावरचा ‘मी’ प्रथमपुरुषी आहे, पण तो लिहितो तिसराच कोणी, बहुधा इंग्रजीत, बहुधा वातानुकूलित खोलीत. साहित्य वाचणाऱ्याला अशा ‘मी’वर चटकन विश्वास ठेवायचा नसतो हे माहीत असतं. सॉफ्टवेअर करणाऱ्याला ते कोणी शिकवत नाही.

तरीही वाचा

तरीही हे पुस्तक वाचाच. भाषा हलकी आहे, चित्रं भरपूर आहेत, आणि उशिरा उठण्याचा तो खेळ एकदा खेळलात की कुठलीही यादी तुम्हाला पूर्वीसारखी दिसणार नाही. प्रकल्प असो, लग्नाची तयारी असो की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, आडवी रेघ मारायची सवय कामाला येते.

आयटीत असाल तर पुढच्या वेळी भिंतीवर कार्डं लावून झाल्यावर, रेघ मारायच्या आधी, तीन गोष्टी विचारून बघा. हा ‘मी’ कोणी लिहिला? फोन नेमका कोणाच्या हातात असेल? आणि सगळ्यात उजवीकडच्या कार्डानंतर त्या माणसाच्या घरी काय घडतं? तिसऱ्याचं उत्तर खोलीत कोणाकडेच नसेल तर फोन उचला. रिसोड, मानोरा, कारंजा, मंगरुळपीर, कुठला ना कुठला नंबर तुमच्या फोनमध्ये असतोच. ‘औंदाच्या नोंदीचं काय झालं?’ एवढंच विचारा आणि मधे न बोलता ऐका. जे ऐकाल ते वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्याच भिंतीवर, उजवीकडे लावा. जागा कमी पडली तर पुढची भिंत घ्या.