उडत्या प्रतिकृतीचे प्रामाण्य

ऐतिहासिक विमानाची प्रतिकृती उडाली म्हणजे मूळ विमानाचे स्वरूप उलगडले, असा समज सहज होतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार यंत्रविद्येच्या इतिहासाच्या अभ्यासकांना करणे प्राप्त आहे.

'मेसरश्मिट 163' हे दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचे लढाऊ विमान अग्निबाणाच्या एंजिनावर चाले. 1944 साली ते युद्धात उतरले. त्याचे इंधन सात-आठ मिनिटांतच संपे. पुढे वैमानिकाला एंजिनावाचून तरंगत खाली यावे लागे. प्रत्येक उड्डाणाचा उत्तरार्ध अशा रीतीने ग्लायडरचाच असे. या विमानाचे शिक्षण घेतलेले, परंतु त्यातून कधी न लढलेले योझेफ कुर्त्स यांनी 1994 ते 1996 या काळात त्याची ग्लायडररूप प्रतिकृती बांधली. हा उत्तरार्धच त्यांनी निवडला, यात निःसंशय औचित्य आहे.

तथापि मूळ विमानाचे रिकामे वजन सुमारे 1900 किलोग्रॅम, तर या लाकडी प्रतिकृतीचे अवघे 285. वैमानिकाचे वजन धरले तरी मूळ विमान पाचपट जड ठरते. आकार तोच असता, हवेत तरून राहण्यास लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. अर्थात मूळ विमानाला प्रतिकृतीच्या दुपटीहून अधिक वेगाने भूमीवर टेकावे लागे. तेही चाकांवर नव्हे, पोटाखालच्या घसरपट्टीवर. त्यातच टाकीत उरलेल्या तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे स्फोटाचे भय असे. 1942 साली ओढून नेलेल्या एंजिनरहित उड्डाणात टाकाऊ चाके न सुटल्याने हाना राइच या वैमानिक स्त्रीला गंभीर दुखापत झाली. प्रतिकृतीचे उड्डाणगुण उत्तम असल्याचे सांगितले जाते. त्यावरून आकाराची योग्यता सिद्ध होईल; त्या विमानात बसणाऱ्याचे प्राक्तन मात्र त्यातून कळणार नाही. वृत्त राखूनही मूळ काव्याचा भार हरवलेल्या अनुवादासारखी ही कृती आहे.

येथे निदान तुलनेला मूळ वस्तू आहे. आपल्याकडील शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाचे काय? 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर ते उडाल्याची कथा सर्वश्रुत आहे; परंतु विश्वसनीय मोजमाप व आराखडा यांवाचून त्याची 'प्रतिकृती' कशाची म्हणावी? असे यंत्र उद्या उडाले, तर श्रेय आजच्या कारागिराचे. 1895 च्या घटनेला त्याने तिळमात्र बळ मिळणार नाही. उलट, केवळ आराखड्यांच्या चिकित्सेनेही निर्णय होऊ शकतो. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडण्याजोगी नाहीत, हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संशोधकांनी 1974 साली एकही विमान न बांधता दाखवून दिले.

तात्पर्य, मुळातले काय राखले, काय गाळले आणि काय अनुमानाने भरले, हे प्रतिकृतीच्या कर्त्याने आरंभीच नमूद केले पाहिजे. हस्तलिखिताच्या संपादकाकडून आपण जी शिस्त अपेक्षितो, तीच येथेही लागू करावी. तिच्या अभावी उड्डाण कितीही मनोहर असले, तरी ते इतिहासाचे साधन ठरत नाही.