कशाच्या तुलनेत?

त्वचेसाठी वापरायच्या महागड्या प्रसाधनांच्या जाहिरातींची भाषा अलीकडे बदलली आहे. पूर्वी त्यांत नट्यांचे चेहरे आणि गुलाबाच्या पाकळ्या असत. आता रेणूंची चित्रे, घटकांची टक्केवारी, पांढरा डगला घातलेली व्यक्ती आणि 'चाचणीत सिद्ध' असे शब्द असतात. बाजारही त्याच दिशेने वळला आहे. मुंबईच्या हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये 'मिनिमलिस्ट' हा व्यवसाय चालवणाऱ्या जयपूरच्या कंपनीतील ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. त्या वेळी तिचे मूल्य २,९५५ कोटी रुपये धरले गेले. हा व्यवसाय सुरू झाला २०२० मध्ये, आणि त्याची ओळखच मुळी बाटलीवर घटकाचे नाव व प्रमाण ठळकपणे छापणे ही आहे. त्याच्याही वरच्या थरात परदेशी प्रसाधने आहेत. त्यांच्या एका लहानशा बाटलीच्या किमतीत शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी निघेल.

लोक प्रसाधन घेताना विज्ञानाचा आधार शोधू लागले, याचा विज्ञानशिक्षकाने आनंद मानावा का? तो आधार खरा असेल तर जरूर मानावा. परंतु यातील पुष्कळशा प्रसाधनांनी विज्ञानाचा पोशाख तेवढा उचलला आहे. पद्धत मागेच राहिली आहे. ही पद्धत आपण आठवीच्या वर्गातही शिकवतो, आणि ती एका साध्या प्रश्नात मावते: कशाच्या तुलनेत?

मसुऱ्याचे कोकमतेल

मालवण तालुक्यातील मसुरे हे गड नदीच्या काठचे, अनेक वाड्यांचे गाव. भरतगड किल्ल्यामुळे आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेमुळे ते सर्वांना ठाऊक आहे. या सगळ्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. फळाच्या सालीची आमसुले होतात. उरलेल्या बिया धुऊन, वाळवून, फोडून आतला गर कुटतात व पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून घेतली की ती थंड होताच घट्ट होते. तिचे गोळे वळून ठेवतात. हेच कोकमतेल, गोव्याकडे याला भिरंडेल म्हणतात. भाताच्या लावणीत दिवसच्या दिवस चिखलात उभे राहून किंवा जांभ्या कातळावर अनवाणी चालून टाचांना भेगा पडल्या, की हा गोळा निखाऱ्यावर किंचित ऊन करून भेगांत भरायचा, ही कोकणातील जुनी रीत.

या रीतीमागचे विज्ञान समजण्यास अवघड नाही. कोकमतेल म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक या दोन मेदाम्लांचे ग्लिसराइड. ते साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान ३३ अंशांच्या जवळपास असते. म्हणून ऊन केल्यावर ते भेगेत शिरते आणि निवल्यावर तेथेच घट्ट होऊन बसते. खोबरेल २५ अंशांच्या आसपासच पातळ होत असल्याने ओघळून जाते. तळव्याच्या त्वचेत तेलग्रंथी नसतात, हेही येथे लक्षात घ्यावे. जे शरीर तेथे पुरवत नाही ते आपण बाहेरून लावतो आणि आतल्या पाण्याचे बाष्पीभवन रोखतो.

आता महागड्या क्रीमच्या डबीवरील घटकांची यादी वाचून पाहा. काहींत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असे नाव सापडेल. हे आपले कोकमतेलच. बहुधा ते शुद्ध करून, वास काढून टाकून वापरलेले असते, आणि ते कामही चांगले आहे. पण लॅटिन नाव लागल्याने रेणू बदलत नाही. मसुऱ्याच्या शाळेतील मुलीला मात्र घरातला गोळा 'गावठी' आणि डबी 'सायंटिफिक' वाटू लागते. नाव आणि पुरावा यांची ही गल्लत दूर करणे हे विज्ञान शिकवणाऱ्याचे काम आहे.

त्वचेचा दरवाजा

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, शृंगस्तर, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या एक-दोन शतांश एवढाच जाड असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांमधील मेद हा चुना, अशी त्याची रचना सांगतात. बाहेरचे आत येऊ नये आणि आतले पाणी बाहेर जाऊ नये, हे त्याचे काम. बॉस व माइनार्डी या नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला: ५०० डाल्टनपेक्षा अधिक रेणुभाराचे पदार्थ निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत. कोलॅजेन या प्रथिनाचा रेणुभार सुमारे तीन लाख डाल्टन आहे. तेव्हा 'कोलॅजेनयुक्त' क्रीममधील कोलॅजेन त्वचेतल्या कोलॅजेनची भर करील, ही आशा व्यर्थ होय. ते पृष्ठभागावर बसून पाणी धरून ठेवील. हा उपयोग खरा आहे, पण तो ग्लिसरिनही करते. शृंगस्तरात पाणी मुरले की तो फुगतो आणि बारीक रेषा काही तास दिसेनाशा होतात. हे जवळजवळ कोणत्याही चांगल्या क्रीमने घडते.

म्हणूनच तुलनेचा प्रश्न येतो. 'चार आठवड्यांत बहुसंख्य स्त्रियांना त्वचा मऊ वाटली' या दाव्यात तीन उणिवा आहेत. मोजणी उपकरणाने न करता मताने केली. काय लावले हे प्रत्येकीला माहीत होते. आणि शेजारी दुसरा गट नव्हता. त्या स्त्रियांनी चार आठवडे रोज साधी पेट्रोलियम जेली किंवा कोकमतेल लावले असते, तर किती जणींना त्वचा मऊ वाटली असती? हा आकडा जाहिरातीत नसतो.

तेरा आणि सहा

एक उदाहरण वर्गात सोडवून घेण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये 'बूट्स' या औषधदुकानांच्या साखळीच्या एका क्रीमबद्दल २००७ साली बीबीसीने कार्यक्रम केला आणि दुकानांतील साठा बघता बघता संपला. त्यानंतर मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी त्याच मालिकेतील क्रीमची रीतसर चाचणी घेतली. साठ जणांचे दोन गट केले. एकाला क्रीम आणि दुसऱ्याला विशेष घटक नसलेले तसेच मलम दिले. कोणाला काय मिळाले हे वापरणाऱ्यांना व तपासणाऱ्यांना माहीत नव्हते. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ३० पैकी १३ जणांच्या सुरकुत्यांत सुधारणा आढळली; दुसऱ्या गटातील २७ पैकी ६ जणांच्या. हा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

४३ टक्के विरुद्ध २२ टक्के. वृत्तपत्री मथळ्याला एवढे पुरते, पण आपण थांबू नये. प्रथम हे पाहावे, की नुसत्या मलमानेही दर पाचांत एकाला फायदा दिसला. तुलनागट नसता तर तोही क्रीमच्या खात्यावर जमा झाला असता. दुसरे, कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी या चार आकड्यांवर (१३ व १७, ६ व २१) काय-वर्ग कसोटी लावावी. उत्तर सुमारे २.८५ येते. ५ टक्के पातळीसाठी ३.८४ ही मर्यादा ओलांडावी लागते. म्हणजे एवढा फरक केवळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता या आकड्यांवरून दूर सारता येत नाही. संशोधकांनी प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच आरंभीच्या स्थितीशी केली होती. एका गटातील बदल लक्षणीय आणि दुसऱ्यातील नाही, एवढ्यावरून दोन गटांतील फरक लक्षणीय ठरत नाही, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड यांनी त्याच वर्षी घेतला. क्रीम निरुपयोगी आहे असे यावरून सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. उलट, या चाचणीची मांडणी आणि आकडे उघड होते म्हणून तिच्यावर टीका करता आली. कौतुक करण्याजोगी गोष्ट तीच आहे.

कसोटीला उतरलेले उपाय

तुलनेच्या कसोटीला उतरलेले उपाय नाहीत असे नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रेटिनॉइन या जीवनसत्त्व 'अ'च्या आम्लाची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णांच्या एका हातावर औषधयुक्त मलम व दुसऱ्यावर औषधाविना मलम सोळा आठवडे लावले होते. फरक स्पष्ट होता. मात्र हे औषध आहे. ते त्वचेचा दाह करते, गर्भारपणात वर्ज्य आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे आहे. ऑस्ट्रेलियातील नँबोर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी आढळले. निआसिनामाइड या 'ब' गटातील जीवनसत्त्वाचा ५ टक्के अंश अर्ध्या चेहऱ्यावर व नुसते मलम दुसऱ्या अर्ध्यावर लावून ५० स्त्रियांवर केलेला अभ्यास २००५ चा. त्यातही मर्यादित फायदा दिसला. बाजारात मात्र १० टक्क्यांच्या बाटल्या सर्रास मिळतात. ५ ने काही झाले म्हणजे १० ने दुप्पट होईल, हे गणित कोणत्या प्रयोगाने दाखवले? प्रमाण म्हणजे परिणाम नव्हे.

या यादीत एक गोष्ट समान आहे. सिद्ध झालेले घटक जुने आहेत आणि महाग नाहीत. किमतीतील मोठा वाटा सुगंध, स्पर्श, काच आणि नाव यांचा असतो. त्यांसाठी कोणी पैसे मोजले तर तक्रार नाही. सुखद वाटणारे क्रीम माणूस नियमाने लावतो, हाही फायदाच. तक्रार आहे ती सुखाची किंमत विज्ञानाच्या नावाने वसूल करण्याबद्दल.

कायद्याच्या कुंपणावर

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार प्रसाधन म्हणजे स्वच्छ करण्यासाठी, सुशोभित करण्यासाठी, आकर्षकता वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी शरीरावर लावायची वस्तू. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्याचा दावा केला की ती औषधाच्या व्याख्येत जाऊ लागते, आणि औषधाला पुरावा द्यावा लागतो. म्हणून डबीवर 'सुरकुत्या कमी होतात' असे न लिहिता 'सुरकुत्या कमी दिसतात' असे लिहितात. 'होणे' आणि 'दिसणे' या दोन क्रियापदांमधला फरक भाषेच्या शिक्षकांनीही समजावून द्यावा. कुंपण ओलांडले की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. लोरिआल कंपनीच्या 'लँकोम जेनिफिक' या १३२ डॉलरपर्यंत किंमत असलेल्या प्रसाधनाने जनुकांची क्रिया वाढून सात दिवसांत त्वचा तरुण दिसते, असा 'चाचणीत सिद्ध' दावा केला होता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्याला आधार नसल्याचे म्हटले, आणि २०१४ मध्ये कंपनीला पुराव्याशिवाय असे दावे न करण्याची तडजोड मान्य करावी लागली.

चार पानांचा प्रयोग

बाष्पोच्छ्वास शिकवताना आपण चार पानांचा प्रयोग करतोच. एका पानाला काहीच नाही, बाकीच्यांना वरून, खालून किंवा दोन्हीकडून व्हॅसलीन लावायचे, दोरीवर टांगायचे आणि वजन करायचे. हाच प्रयोग थोडा बदलून घ्यावा. एकाच झाडाची, सारख्या आकाराची पाने घेऊन त्यांच्या खालच्या बाजूस अनुक्रमे पेट्रोलियम जेली, कोकमतेल, खोबरेल आणि एखादे क्रीम सारख्याच वजनाने लावावे. एक पान कोरे ठेवावे. दर दोन तासांनी वजन नोंदवावे. येथे एक चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की क्रीममध्येच पुष्कळ पाणी असते, मग कमी झालेले वजन पानाचे की क्रीमचे? त्याला उत्तर सांगू नये. तेवढेच क्रीम काचपट्टीवर लावून तिचेही वजन करण्याची कल्पना त्याला स्वतःला सुचू द्यावी. पान म्हणजे त्वचा नव्हे, हे शेवटी अवश्य सांगावे.

आणि हा प्रश्न कोकमतेलालाही विचारावा. 'आयुर्वेदिक', 'नैसर्गिक', 'आजीच्या बटव्यातले' या शब्दांनाही पुराव्यातून सूट नाही. भेग खोल असेल, चिघळत असेल किंवा माणसाला मधुमेह असेल, तर गोळा बाजूला ठेवून दवाखान्यात जावे. महागड्या डबीला एक न्याय आणि घरच्या गोळ्याला दुसरा, असे विज्ञानात चालत नाही. दोन्ही एका तराजूत घालायला शिकलेला विद्यार्थी पुढे खताची, बियाण्याची, शिकवणीवर्गाची आणि निवडणुकीची जाहिरातही त्याच तराजूत घालील.