नमुन्यातली तिकिटे

चमत्कृतीच्या टपाल तिकिटांत प्रसिद्ध झालेल्यांपेक्षा चाचणीत राहून गेलेले नमुने आम्हांस अधिक बोलके वाटतात. भूतानचे उदाहरण घ्यावे. बर्ट टॉड या अमेरिकन उद्योजकाच्या कल्पनेतून त्या देशाने १९६७ साली खोलीचा भास देणारी, १९६९ साली पोलादी पत्र्याची व रेशमाची, आणि पुढे ग्रामोफोनवर चक्क वाजणारी तिकिटे काढली. लहानशा देशास परकीय चलन हवे होते, हे आम्हांस मान्य आहे. राष्ट्रगीत ऐकविणारे तिकीट तर कौतुकाचेच. पण तिकिटाची परीक्षा लिफाफ्यावर होते. पोलादाला गंज चढतो, गुळगुळीत प्लास्टिकवर शिक्क्याची शाई नीट धरत नाही. हा झगडा अल्बममधल्या कोऱ्या प्रतीत दिसत नाही. नापसंत झालेला रंग, वगळलेले अक्षर, अर्धवट छाप यांत तो उघडा पडतो. संग्राहकांच्या खिशावर डोळा ठेवून मुद्दाम छापलेले बिनछिद्रांचे ‘दुर्मिळ’ नमुने मात्र आम्ही यात धरीत नाही. ती निव्वळ दुकानदारी. भारताने २००६ साली काढलेले चंदनगंधी तिकीट कागदाचेच होते. पंधरा रुपयांचे ते तिकीट पत्रावर सुखाने बसत असे.