मोठ्या चौकटीचा भाव

मीडियम फॉरमॅट ही संज्ञा 120 क्रमांकाच्या रोलवरून रूढ झाली. 35 मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा मोठी आणि सुट्या तावांच्या शीट फिल्मपेक्षा लहान चौकट, एवढाच तिचा अर्थ. हे माप महाराष्ट्रातल्या घरांना परके नव्हते. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातला रोलायफ्लेक्स याच मापाचा होता आणि मुंजीला, सहलीला नेला जाणारा साधासुधा अ‍ॅग्फा क्लिक थ्रीही याच रोलवर बारा चौकोनी फोटो काढीत असे. मोठी फिल्म म्हणजे थोडे अधिक रसायन, त्यामुळे मोठी चौकट ही चैन ठरत नव्हती.

डिजिटल तंत्राने हे गणित उलटवले. प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारा सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापला जातो. तो जितका मोठा, तितके एका चकतीतून निघणारे नग कमी आणि एखाद्या दोषाने वाया जाणारा माल जास्त. म्हणून 44 बाय 33 मिलिमीटरचा आजचा रूढ सेन्सर 36 बाय 24 च्या फुल फ्रेमपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे 1.7 पट असला, तरी त्याची किंमत त्या प्रमाणाच्या बाहेर जाते. गंमत अशी, की अ‍ॅग्फाच्या साधारण 56 मिलिमीटर बाजूच्या चौकटीपुढे हा ‘मीडियम’ निम्म्याहूनही लहान भरतो.

तरीही किमती उतरल्या आहेत. 51 मेगापिक्सेलचा पेंटॅक्स 645झेड 2014 साली अमेरिकेत 8,499 डॉलरला आला. 102 मेगापिक्सेलचा फुजीफिल्म जीएफएक्स 100एस टू 2024 साली 4,999 डॉलरला. मात्र दरम्यान डॉलर साठ रुपयांच्या आसपासवरून त्र्याऐंशीवर गेल्याने चाळीस टक्क्यांची ही उतरण रुपयांत, कर सोडूनही, जेमतेम अठरा टक्क्यांची होते. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी 2019 च्या आरंभी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हा त्यातल्या त्यात दिलासा. भिंगांचा खर्च वेगळाच, आणि तोच बहुधा कंबर मोडतो.

किंमत बाजूला ठेवली, तरी अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला अशा कॅमेऱ्याचे काम आहे का? मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहणारी रो-रो बोट सुरू झाल्यावर इथे मोटारीसह येणे सोपे झाले. या किनाऱ्यावरच्या काचेच्या भिंतींच्या बंगल्यांचे फोटो काढताना आत सागवानी अंधार आणि बाहेर तळपता समुद्र एकाच चौकटीत धरावा लागतो. उजेड-अंधाराचा हा पल्ला, ज्याला डायनॅमिक रेंज म्हणतात, मोठा सेन्सर सहज पेलतो. ओहोटीचा ओला चिखल आणि पावसाळी आभाळ यांच्या दोन राखाडी छटाही तो वेगळ्या ठेवतो. पण हा फरक भिंतीएवढ्या छपाईत दिसतो, मोबाइलच्या पडद्यावर नाही. आणि ग्राहक बहुधा पडदाच पाहतो. शिवाय खाऱ्या, दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, हे किनाऱ्यावर वेगळे सांगायला नको.

60 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांनी बरीचशी जागा आधीच व्यापली आहे. त्यामुळे येत्या काळात हे माप मोठी छपाई, कलाकृतींचे अभिलेखन आणि हवाई मोजणी यांपुरते टिकेल, घरोघरी परतणार नाही, असे दिसते. मांडव्याच्या छायाचित्रकाराने असा कॅमेरा मुंबईहून दिवसाच्या भाड्याने आणावा. विकत घेण्याइतके काम इथे अजून नाही.